नॉमिनेशन मागे घेतलं, की आमचा पीआरचा अर्जही का बुडावा?

माननीय इमिग्रेशन मंत्री,
ऑस्ट्रेलिया सरकार

महोदय,

मी मेलबर्नमध्ये मोटार मेकॅनिक आहे. 482 व्हिसावर, म्हणजे मालकांनी स्पॉन्सर केलेल्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलो, पीआरसाठी लागणारी दोन वर्षं एकाच गॅरेजात भरली आणि मालकांनी नॉमिनेशन (या कामासाठी हाच माणूस हवा, असा सरकारकडे करायचा अर्ज) टाकल्यावर 186 व्हिसासाठी, म्हणजे पीआरसाठी, इथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज केला. तेव्हा मी 44 वर्षांचा होतो. अर्ज पडून असतानाच मालकांनी धंदा विकला आणि नॉमिनेशन मागे घेतलं. माझ्या कामात खोट नव्हती, कागदपत्रांतही नव्हती. तरी नॉमिनेशन उरलं नाही, म्हणून अर्ज गेला.

तीन महिन्यांत दुसरे मालक मिळाले. तेही मान्यताप्राप्त स्पॉन्सर, म्हणजे परदेशी कामगार ठेवायला सरकारची मान्यता असलेले, कामही तेच. पण तोवर मला पंचेचाळीस पूर्ण झाली होती, आणि 186 ला अर्जाच्या दिवशी वय 45 च्या आत लागतं.

आपल्या सरकारनं केलेलं मी विसरलेलो नाही. 1 जुलै 2024 पासून नोकरी सुटल्यावर नवा मालक शोधायला 60 ऐवजी सलग 180 दिवस मिळतात. त्यामुळेच मी आज इथे आहे. 7 डिसेंबर 2024 पासून वेगवेगळ्या मान्यताप्राप्त मालकांकडची नोकरीही त्या दोन वर्षांत धरली जाते. पण अर्ज टाकला, की पुन्हा एकाच मालकाशी गाठ पडते.

ते वाट पाहण्याचे महिने कसे असतात, ते सांगतो. आधी तर 'नॉमिनेशन कधी टाकताय?' हे विचारायलाच धीर होत नाही. 'बघू, पुढच्या महिन्यात' हे उत्तर मी पाच वेळा ऐकलं. शनिवारच्या जादा कामाचे पैसे पगारात दिसले नाहीत, तेव्हा गप्प बसलो. बायको म्हणायची, 'अहो, एकदा बोला तरी.' व्हिसाचा धाक दाखवून राबवून घेणं आता गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. पण तक्रार केली असती, तर कायद्यानं फार तर हातातला व्हिसा वाचला असता. नॉमिनेशन मात्र मालकांचंच. ते काढून घेतल्यावर ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे व्हिसाच्या निर्णयांवर दाद मागायच्या न्यायाधिकरणात जाऊन तरी मी काय मागणार होतो?

अमेरिकेत ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज 180 दिवस प्रलंबित राहिला, की तशाच कामाची दुसरी नोकरी धरून तोच अर्ज पुढे चालवता येतो. तिथे ही सोय 2000 सालच्या कायद्यानं झाली. तिथली भारतीयांची लांबलचक रांग कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण एवढी सोय इथे करता येईल. त्याच कामासाठी दुसरा मान्यताप्राप्त स्पॉन्सर उभा राहिला, तर त्याचं नॉमिनेशन जुन्याच अर्जाला जोडू द्या. आणि वय पहिल्या अर्जाच्या तारखेचंच धरा.

मला याचा उपयोग होईल की नाही, कोण जाणे. माझ्यासोबत काम करणारे एकजण 43 वर्षांचे आहेत. त्यांचं नॉमिनेशन गेल्या महिन्यात दाखल झालं.

आपला,
मेलबर्नमधील एक मेकॅनिक