रुसलान सुलतानोविच, थँक्यू

रुसलान सुलतानोविच औशेव साहेब, नमस्कार.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, पोचलं तरी तुम्हाला मराठी कुठून येणार, पण लिहितेच. मी रशियात, उत्तर ओसेतियातल्या व्लादिकावकाझला मेडिकलला होते, आणि तिथलं एअरपोर्ट म्हणजे बेसलान, त्यामुळे घरी यायचं-जायचं तर बेसलान वाटेतच. तरी जिथे अतिरेक्यांनी पोरांना ओलीस धरलं ती शाळा नंबर १ बघायला जायचं धाडस लवकर झालं नाही. जिमच्या जळक्या भिंती तशाच ठेवल्यात आणि जिकडेतिकडे पाण्याच्या बाटल्या, फुलांसोबत लोक पाणी पण आणून ठेवतात, कारण आत पोरांना पाणी देत नव्हते.

१ सप्टेंबर २००४, शाळेचा पहिला दिवस. नटूनथटून आलेली पोरं, आईबाप, आज्या, अतिरेक्यांनी अकराशेच्या वर माणसं त्या जिममध्ये कोंबली, बास्केटबॉलच्या रिंगला बॉम्ब टांगले. आणि सरकार टीव्हीवर आकडा सांगतंय ३५४!

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलणी करायला आत गेलात, हातात हत्यार नाही, आणि पद म्हणाल तर शेजारच्या इंगुशेतियाचं अध्यक्षपद २००१ च्या शेवटीच सोडलेलं. वर तुम्ही इंगुश. आपल्याकडच्या लोकांना याचा अर्थ चटकन लागणार नाही म्हणून सांगते, १९९२ ला ओसेतियन आणि इंगुश लोकांत भयंकर रक्तपात झालेला, ते वैर अजून आहे, आणि शाळेत घुसलेल्यांतही बरेच इंगुश होते. तरी तुम्ही ओसेतियन पोरांसाठी आत गेलात आणि २६ जणांना घेऊन आलात, तान्ही बाळं आणि त्यांच्या आया. एका आईने मात्र बाळ तेवढं तुमच्या हवाली केलं आणि ती मागे थांबली, कारण तिची बाकीची पोरं आतच होती. ती परत आली नाही.

३ तारखेला स्फोट, आग, गोळीबार, सगळं एकदमच. ३३४ माणसं गेली, त्यातली १८६ मुलं. रशियन फौजांनी रणगाडे आणि फ्लेमथ्रोअर (आग फेकणारी हत्यारं) पण वापरले, आत पोरं असताना, यावर २०१७ ला युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने रशियाला दोषी धरलं. त्याच्या आदल्या वर्षी स्मृतिदिनाला निषेधाचे टीशर्ट घालून आलेल्या आयांना पोलिसांनी उचललं होतं, म्हणजे बघा.

वॉर्डात एकदा एका पेशंटच्या एक्सरेवर पांढरे ठिपके दिसले, माझ्याच वयाचा मुलगा, मी विचारलं हे काय, तर सर हळूच म्हणाले, बेसलान. म्हणजे त्या स्फोटातले तुकडे अजून अंगात. तो स्वतः मोबाईल बघत बसलेला, त्याला सवय झालेली.

काहीजण म्हणतात बोलणी अजून चालू राहिली असती तर अजून पोरं वाचली असती. असेलही, पण ते तुमच्या हातात कुठे होतं? जे होतं ते तुम्ही केलंत, आणि मला त्याबद्दलच थँक्यू म्हणायचंय, मनापासून.

आमचे बाबा तुमच्याच वयाचे, त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, त्या माणसाला लिही, कधी इंडियात आलात तर कोल्हापूरला नक्की या, आणि हॉटेलात नाही हां, आपल्या घरी उतरायचं.