टाळ्या खेळाडूला, हिशोब मालकाला

संपादक साहेब, स.न.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका भाऊंचं पत्र आलं होतं, टीम हरली की नावं ठेवणारे खरे फॅन नसतातच, खरा फॅन शेवटपर्यंत पाठीशी उभा राहतो, निगेटिव्ह बोलत नाही वगैरे. त्यांनी क्रिकेटवर लिहिलं होतं. पत्र अर्धं पटलं आणि उरलेल्या अर्ध्यावर डोकं फिरलं म्हणून हे लिहायला घेतलं. फक्त मी बोलणार बेसबॉलवरून, कारण मी बघतो बेसबॉल, त्यातही अमेरिकेतली पिट्सबर्ग पायरेट्स नावाची टीम, आणि आशा ठेवायची का नावं ठेवायची या विषयात पायरेट्सच्या फॅनइतका अभ्यास फार कमी लोकांचा झाला असेल.

सोलापुरात बसून पायरेट्स कुठून आले ते आधी सांगतो, नाहीतर आमचे मित्र विचारतात तसं तुम्हीही विचाराल, "का बे, क्रिकेट पुरंना काय तुला?" तर २००८ मध्ये एका अमेरिकन एजंटने भारतात जोरात बॉल फेकणारी पोरं शोधायची स्पर्धा घेतली होती, त्यात यूपीचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल असे दोन भालाफेकवाले निघाले, बेसबॉल कशाशी खातात हे माहीत नसलेली पोरं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पायरेट्सने दोघांना साइन केलं. रिंकू भदोहीकडचा, ते गालिच्यांचं, आपलं चादरींचं, एवढ्याशा नात्यावर मी पायरेट्सचा झालो. दोघंही मेन टीमपर्यंत पोचले नाहीत, दिनेश परत आला, रिंकू पुढं डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्त्या करायला गेला, मी मात्र तिथंच अडकलो. पिट्सबर्गची संध्याकाळी सहा चाळीसची मॅच म्हणजे आपल्याकडं पहाटेचे चार दहा. नळाला पाणी यायचा दिवस असला तर घरचेही काही बोलत नाहीत, कुणीतरी जागं लागतंच.

आता मुद्दा. पत्रवाल्या भाऊंचं जे अर्धं पटलं ते हे, की एका मॅचवरून बोंब मारणं हा येडेपणा आहे. बेसबॉलमध्ये तर शंभर टक्के. एका सीझनला प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते. चांगल्यातली चांगली टीम पन्नास-साठ मॅच हरते आणि एकदम टाकाऊ टीमसुद्धा साधारण तेवढ्याच जिंकते. दहातून तीनदा हिट मारणारा बॅटर भारी समजला जातो, म्हणजे सातदा तो मान खाली घालूनच परत येतो. असल्या खेळात मंगळवारी हरले म्हणून बुधवारी कोचला हाकला म्हणणाऱ्याला खेळच कळला नाही. आमच्यातही असले लोक आहेत, एप्रिलमध्ये सीझन सुरू होऊन आठ दिवस झाले नाहीत की गेलं हे वर्ष म्हणणारे. त्यातल्या कित्येकांनी मॅच बघितलेलीच नसते, सकाळी उठून स्कोअर बघायचा आणि शिव्या टाईप करायच्या. यांच्याबद्दल भाऊंनी लिहिलं असतं तर मीच खाली सही केली असती.

पण एक मॅच वेगळी आणि वीस वर्षं वेगळी. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्ध सेमीफायनलसारख्या सिरीजच्या सातव्या, निर्णायक मॅचच्या शेवटच्या इनिंगला पायरेट्स पुढं होते, तिथून हरले, वर्ल्ड सीरिज म्हणजे लीगची फायनल हुकली, बॅरी बाँड्ससारखा स्टार बॅटर टीम सोडून गेला. त्यानंतर १९९३ ते २०१२, ओळीनं वीस सीझन ही टीम जिंकल्या त्यापेक्षा जास्त मॅच हरली. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये कुठल्याच खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या कुणाची नाही. वीस वर्षं म्हणजे त्या काळात जन्मलेलं पोरगं मतदानाला जाऊन आलं तरी त्याने आपली टीम प्लसमध्ये बघितली नाही. याला बॅडलक म्हणायचं? बॅडलक एका सीझनला असतं, दोनला असतं. त्याच्या पुढं गेलं की कुणीतरी ठरवून चालवलंय असं समजायचं.

आणि ते कसं चालतं तेही बघा, कारण आशा ठेवा म्हणणारे इथंच गप्प होतात. अमेरिकन बेसबॉलमध्ये खालच्या डिव्हिजनला ढकलणं हा प्रकारच नाही, शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी तुम्ही त्याच लीगमध्ये. उलट हरणाऱ्या टीमला नवीन पोरं निवडताना वरचा नंबर मिळायचा चान्स जास्त. प्रत्येक टीमच्या लोकल कमाईतला मोठा वाटा एका ठिकाणी गोळा होऊन तीस टीममध्ये सारखा वाटला जातो, वर देशभरच्या टीव्हीचा पैसा वेगळा. म्हणजे टीम हरली तरी गल्ला भरतो. २०१० मध्ये पायरेट्सचे हिशोबाचे कागद बाहेर फुटले तेव्हा दिसलं की २००७ आणि २००८ या दोन वर्षांत, टीम दणकून हरत असताना, नफा जवळजवळ २.९ कोटी डॉलर. आता अशा मालकासमोर फॅनने "आम्ही कायम तुमच्या पाठीशी" म्हणून तिकीट काढत बसायचं म्हणजे त्याला सुधारायचं कारणच काय राहिलं?

पिट्सबर्ग हे स्टीलचं शहर, तिथले कारखाने १९८० च्या दशकात धडाधड बंद पडले. आपल्याकडं कापड मिलचं काय झालं ते सोलापूरकराला सांगायला नको. आमची मागची पिढी मिलमधली. पुढच्या महिन्यात सुरू होणार, मालक पैसा आणतोय, जरा धीर धरा, उगंच वाकडं बोलून वातावरण खराब करू नका, हे घरात इतक्यांदा ऐकलंय की टीमच्या ऑफिसातून कुणी "प्लॅनवर विश्वास ठेवा" म्हटलं की मला तोच आवाज ऐकू येतो. गप्प बसणाऱ्याला बोलणाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त मिळाले असं काही माझ्या ऐकण्यात नाही.

मग काय सारखं बोंबलतच बसायचं का? नाही ना. कुणाला बोलायचं ते बघायचं. याचं उदाहरण पिट्सबर्गच्याच राज्यातलं दुसरं शहर, फिलाडेल्फिया. तिथलं पब्लिक हुर्यो उडवण्यात एक नंबर बदनाम. २०२३ ला त्यांनी ट्रे टर्नर नावाचा खेळाडू ११ वर्षांसाठी ३० कोटी डॉलर देऊन आणला आणि पठ्ठ्याची बॅटच चालेना, हातातून बॉलही सुटायला लागले. ऑगस्टमध्ये एका मॅचला तो बॅटिंगला आला तर अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या. हुर्यो नाही, टाळ्या. तिथून गडी जो सुटला तो सीझन संपेपर्यंत थांबलाच नाही, नंतर त्याने स्वतः शहरात थँक्यूचे होर्डिंग लावले. टाळ्यांमुळंच झालं की तसंही झालंच असतं देव जाणे, पण मैदानात एकटा उभा असलेल्या माणसाला तुमच्या शिव्यांनी बॉल जास्त नीट दिसतो असं तर नाही. २०१३ ला आमच्याकडं उलटं झालं, एकवीस वर्षांनी प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची मॅच आली, समोर सिनसिनाटीचा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, जॉनी क्वेटो, आणि सगळं स्टेडियम काळे कपडे घालून त्याच्या नावाचा सूर काढून त्याला चिडवायला लागलं, त्याच्या हातातून बॉल खाली पडला आणि पुढच्याच बॉलला आमच्या रसेल मार्टिनने होमरन मारला, आपल्या सिक्सरसारखा. जुनी मॅच असली तरी तेवढा तुकडा मी अजून काढून बघतो. समोरच्याच्या पिचरला चालतंय.

आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची टीम. माझ्या मते फॅन म्हणून याच्या वर काही नाही. तिथला मालक टीम लास वेगासला न्यायच्या मागे लागला, टीम मुद्दाम कमकुवत केली, लोक यायचे कमी झाले, मग बघा म्हणे लोकच येत नाहीत. तर १३ जून २०२३ ला फॅन लोकांनी बहिष्काराच्या उलटं केलं, सगळ्यांनी मिळून मॅचला जायचं ठरवलं. एरवी ओस पडलेल्या स्टेडियममध्ये २७,७५९ लोक, हजारोंच्या अंगात हिरवे टीशर्ट, त्यावर एकच शब्द, "सेल", म्हणजे विकून टाक. पाचव्या इनिंगला पहिल्या बॅटरच्या वेळी सगळे चिडीचूप, आणि मग एकदम त्याच शब्दाचा गजर. आणि पोरांना चिअरिंग तर असलं की ती सीझनमधली सगळ्यात फालतू टीम त्या रात्री टॅम्पा बेला हरवून लागोपाठ सातवी मॅच जिंकली. आता या लोकांना निगेटिव्ह म्हणायचं का पॉझिटिव्ह? एकाच तोंडाने पोरांचा जयजयकार आणि मालकाला निघून जा. टीम शेवटी गेलीच, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथली शेवटची मॅच झाली. बोलून फायदा झाला नाही म्हणणारे म्हणतील. पण मग गप्प बसलेल्यांच्या बाजूने तरी काय थांबलं?

कधी कधी फायदा होतोही. रॉबर्टो क्लेमेंटे हा पायरेट्सचा देवमाणूस, करिअरमध्ये बरोबर ३००० हिट, १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेला. त्याचा नंबर २१, म्हणून स्टेडियमची उजवीकडची भिंत २१ फूट उंच. २०२५ ला टीमवाल्यांनी त्या भिंतीवरचा २१ काढून तिथं दारूची जाहिरात लावली. त्याच्या घरचे बोलले, फॅन पेटले, थोड्याच दिवसात नंबर परत. त्याच महिन्यात दुसरं लफडं, २००१ ला स्टेडियम झालं तेव्हा लोकांनी पैसे देऊन आपल्या माणसांच्या नावाच्या विटा बसवल्या होत्या बाहेर, त्या काढलेल्या विटा भंगाराच्या यार्डात सापडल्या. टीमला माफी मागावी लागली. मला सांगा, त्या विटा विकत घेणारे कोण होते? नावं ठेवणारे की कायम पाठीशी असणारे?

आता आमच्याकडं पॉल स्कीन्स नावाचा पिचर आहे. २०२५ मध्ये त्याने नऊ इनिंगमागे सरासरी दोन रनसुद्धा दिले नाहीत, नॅशनल लीगचा (बेसबॉलच्या दोन लीगपैकी पायरेट्सवाली) सर्वोत्तम पिचर म्हणून सगळ्या मतदारांनी त्यालाच पहिला नंबर दिला. आणि त्याच्या नावावरच्या मॅच? १० जिंकल्या, १० हरल्या. का, तर बाकीच्यांनी रनच काढले नाहीत, बॅटरवर पैसा कोण खर्च करणार. टीम ९१ मॅच हरली. सहा वर्षांची सर्व्हिस झाली की खेळाडू मोकळा होतो, म्हणजे २०२९ नंतर तो जाईल किंवा त्याच्या आधीच त्याला विकतील, गेरिट कोल आणि मॅकचन हे आमचे दोन स्टार २०१८ च्या जानेवारीत एकाच आठवड्यात विकले तसं. हे माहीत असून मी त्याची पिचिंग असली की पहाटे उठतो. आशा नसती तर झोपलो असतो की. आणि २०२५ ला घरच्या पहिल्याच मॅचला पिट्सबर्गच्या पब्लिकने मालकाच्या नावाने "टीम विका" ओरडून स्टेडियम डोक्यावर घेतलं तेव्हा मी इथं मुरारजी पेठेत मोबाईलसमोर बसून हळू आवाजात तेच म्हणत होतो, हळू कारण घरचे झोपलेले.

त्यामुळं पत्रवाल्या भाऊंना एवढंच विचारायचंय की पाठीशी म्हणजे नक्की कुणाच्या? अकरा पोरांच्या का बोर्डाच्या? पोरांच्या म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूला उभा आहे. टीम निवडणारे, पैसा सांभाळणारे, तिकीट आणि प्रक्षेपणाचे करार करणारे, यांना प्रश्न विचारले की देशद्रोह झाल्यासारखं लिहिणार असतील तर नाही जमणार.

आणि साहेब, एक विनंती. वर्ल्ड सीरिज ऑक्टोबरच्या शेवटी असते, तुमच्या क्रीडापानावर तिचा निकाल दोन ओळीत छापत जा की. पायरेट्स त्यात नसतील, तरी छापा.

आपला,
एक वाचक, मुरारजी पेठ, सोलापूर