रंगकाम करणाऱ्या काकांना मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

निघताना तुमच्याशी दोन शब्द बोलले खरे, पण मनात होतं ते त्यात मावलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमच्यासारख्यांच्या कामाचं कौतुक चारचौघांत व्हायला हवं, असं मला वाटतं.

आमची खिडकीखालची भिंत रंग दिला की वर्षभरात पोपडे धरायची. जो येईल तो पोपडे खरवडायचा, रंगाचे दोन हात मारायचा आणि जायचा. तुम्ही मात्र आल्या आल्या डबा उघडला नाहीत. बोटांनी टकटक करत, कुठे पोकळ आवाज येतो ते ऐकत भिंतभर फिरलात आणि तेवढ्या जागांवर पेन्सिलीने गोल केलेत. मग प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवलात आणि म्हणालात, "आता उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला असते तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा. आतून आले, म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय. हे तुम्ही मला जवळ बोलावून दाखवलंत. मग बाहेर जाऊन चौकटीखालची केसाएवढी भेग शोधून काढलीत. पावसाचं पाणी तिथून मुरत होतं. मुरलेलं पाणी भिंतीतले क्षार विरघळवून वर आणतं, पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठतात आणि रंगाला मागून ढकलतात. इतकी वर्षं दिसणारी ती पांढरी भुकटी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

भेग बुजवून झाली तरी भिंत वाळेपर्यंत तुम्ही रंगाला हात लावला नाहीत. रोजच्या कामावर ज्याचं घर चालतं, त्याने "अजून ओल आहे, नंतर येतो" म्हणणं सोपं नसतं. ते तुम्ही म्हणालात, एकदा नव्हे, भिंत खरोखर कोरडी होईपर्यंत. माझ्या लेखी तुमच्या साऱ्या कामातलं हेच सर्वात मोठं.

पुढची पुट्टी, घासणं, प्रायमर हे सगळं रीतसर झालंच. त्यातलं एक दृश्य मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून झाल्यावर तुम्ही खोलीत अंधार केलात आणि बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरलीत. समोरून सपाट वाटणाऱ्या भिंतीवर आडव्या उजेडात लहानलहान सावल्या उमटल्या. प्रत्येक सावली म्हणजे एक उंचवटा किंवा खळगा. तुमच्यासोबतचा मुलगा दमला होता, तरी त्याच्यावर न ओरडता तुम्ही स्वतःच 220 नंबरचा, त्याहून बारीक पेपर घेऊन पुन्हा बसलात. ती जागा तर पुढे सोफ्यामागे जाणार होती, कुणाच्या नजरेसही पडणार नव्हती.

पावसाचे महिने येऊन गेले. भिंत कोरडी आहे, हात फिरवला तर भुकटी लागत नाही. आणि भिंतीपलीकडेही काही बदललंय. परवा घराचा करार सहीसाठी आला, तेव्हा आधी सगळी पानं वाचली, प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहिला आणि मगच पेन उचललं. दोन पानांवर तारखा वेगळ्या होत्या. सहीआधी सापडल्या म्हणून जागच्या जागी दुरुस्त झाल्या. नंतर त्यासाठी किती खेटे घालावे लागले असते, कोण जाणे.

मी विचारलेल्या प्रत्येक 'का'ला तुम्ही हातातलं काम थांबवून उत्तर दिलंत. ते तुमच्या मजुरीत धरलेलं नव्हतं. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

मागच्या खोलीचं काम काढायचं आहे. तुमच्या सवडीने या, आम्ही थांबू.