ओझोनचे छिद्र आणि तापमानवाढ यांची सांगड आता पुरे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला तापमानवाढीवरचा लेख वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे, आणि या विषयाला अर्धे पान दिल्याबद्दल तुमचे आभारच मानते. पण त्या अर्ध्या पानाच्या मधोमध छापलेले चित्र पाहून संताप झाला. पृथ्वीवर धरलेली छत्री, तिला पडलेले भोक, भोकातून आत घुसणारे लाल बाण आणि खाली ओळ : ‘ओझोनच्या छिद्रामुळे पृथ्वी तापते आहे.’ ही ओळ चुकीची आहे. किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामुळे लेखातले उपायही चुकले आहेत.

एवढा राग यायला घरचे कारण आहे. नुकत्याच झालेल्या परीक्षेत माझ्या नातीला जागतिक तापमानवाढीच्या कारणांवर प्रश्न आला होता. तिने कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायूचे ज्वलन लिहिले, जंगलतोड लिहिली, मिथेन लिहिला. शेवटी एक वाक्य स्वतःहून घातले : ‘ओझोनचा थर विरळ होणे हे तापमानवाढीचे मुख्य कारण नाही.’ त्या वाक्याखाली लाल शाईची दुहेरी रेघ, समासात प्रश्नचिन्ह आणि पाचपैकी दोन गुण कापलेले. मी स्वतः आयुष्यभर विज्ञान शिकवले. उत्तरपत्रिका घेऊन शाळेत गेले. बाई सौजन्याने बोलल्या. ‘मॅडम, आदर्श उत्तरात ओझोन आहे, मी काय करू?’ मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले एक कात्रण माझ्यापुढे ठेवले. कात्रण तुमच्याच दैनिकाचे होते. शीर्षक वेगळे, चूक तीच. ‘पेपरात आलंय ना, मॅडम!’ यावर बोलणेच खुंटले.

गुण परत मिळाले नाहीत, त्याचे मला फारसे काही नाही. पण घरी आल्यावर तिने विचारले, ‘आजी, मग पुढच्या वेळी ओझोन लिहू का?’ मी नाही म्हटले, तिच्या आईने हो म्हटले. बरोबर लिहिलेले उत्तर गुणांसाठी खोडायचे की नाही, असा प्रश्न त्या पोरीपुढे उभा राहावा, याचे मला अतोनात वाईट वाटते. आणि या पापात वर्तमानपत्राचा वाटा आहे, हे स्पष्टच सांगते.

ओझोनचा प्रश्न खोटा होता असे कुणी म्हणत नाही. पूर्वी फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वातावरणात वर जाऊन ओझोन नष्ट करतील, असा इशारा मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दिला. 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनमधली घट मोजून जगापुढे मांडली आणि 1987 मध्ये हे वायू आटोक्यात आणणारा आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार झाला. विरळ थरातून जास्त अतिनील किरण खाली येतात, त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, पिकांनाही अपाय होतो. हा प्रश्न आत येणाऱ्या किरणांचा आहे. तापमानवाढीचा प्रश्न बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा आहे. ऊन जमिनीला आणि समुद्राला तापवते, ते तापून अवरक्त किरण बाहेर टाकतात, आणि त्यांतले बरेच किरण कार्बन डायऑक्साइड, मिथेन, बाष्प हे वायू वाटेत शोषून काही भाग पुन्हा खाली पाठवतात. वायू वाढले की अडून राहणारी उष्णता वाढते. यात कुठे भोक पडावे लागत नाही. उलट वरचा ओझोन घटल्याचा तापमानावरचा थेट परिणाम अगदी छोटा आहे, आणि तोही किंचित थंडाव्याकडे झुकणारा.

गोंधळ का होतो तेही समजते. ओझोन खाणारे वायू स्वतः उष्णता अडवणारेही आहेत, त्यामुळे मॉन्ट्रियल कराराने तापमानवाढीलाही थोडा आळा बसला. त्यांच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता जबरदस्त अडवतात. म्हणून 2016 मध्ये रवांडातील किगाली येथे त्या करारात दुरुस्ती करावी लागली. एवढा संबंध आहे, आणि तो सांगायलाही दोन वाक्ये पुरतात. छत्री कशाला हवी?

कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो हे युनिस फूट यांनी 1856 मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवले. टिंडॉल यांनी 1859 मध्ये मोजमाप केले. हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचे गणित अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये मांडले. तेव्हा ओझोनचे छिद्र कुणाच्या स्वप्नातही नव्हते! 1958 पासून हवाईतल्या मौना लोआवर या वायूची सलग मोजणी चालू आहे : सुरुवातीला दहा लाखांत सुमारे 315 भाग, आता 420 च्या वर. औद्योगिक क्रांतीपूर्वी हेच प्रमाण 280 च्या आसपास होते. आणि सूर्यच जास्त तापला असता, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि स्थितांबराचा, म्हणजे त्या वरच्या थराचा, वरचा भाग थंड होतो आहे. मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर असेच होईल, असे 1967 मध्येच गणिताने दाखवले होते.

परिणामांबद्दल लेखात फारसे चुकलेले नाही. साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली, 1901 ते 2018 या काळात समुद्राची पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने चढली, हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते आणि म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो, हे सगळे हवे होते. त्यातले थोडे आले, चांगले झाले.

खरी अडचण ‘आपण काय करावे’ या चौकटीची आहे. पहिला उपाय : फवाऱ्याचे डबे वापरू नका. दुसरा : झाडे लावा. तिसरा : वर्षातून एक तास दिवे बंद ठेवा. कोळसा हा शब्द चौकटीत एकदाही नाही! कारण चुकीचे धरले की उपाय असा भरकटतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या अहवालानुसार 2019 मधल्या जागतिक उत्सर्जनाचा सुमारे 34 टक्के वाटा वीज आणि इतर ऊर्जापुरवठ्याचा, 24 टक्के उद्योगांचा, 22 टक्के शेती, जंगले आणि जमीनवापराचा, 15 टक्के वाहतुकीचा आणि 6 टक्के इमारतींचा होता. निर्णय घ्यायचा तो हे आकडे पुढ्यात ठेवून. वीज कशापासून करायची, गाड्या कशावर चालवायच्या, सिमेंट आणि पोलाद कसे बनवायचे, उभे जंगल कापू द्यायचे की नाही, हे निर्णय सरकारे आणि कंपन्या घेतात, आणि त्यांना ते घ्यायला लावणे हे नागरिकांचे काम आहे. झाडे जरूर लावावीत, पण कोळसा जाळत राहून झाडांवर भिस्त ठेवता येणार नाही. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके तिथेच राहतो. मिथेन मात्र सुमारे बारा वर्षांत विरतो, म्हणून वायूच्या विहिरी, कोळशाच्या खाणी आणि कचऱ्याचे डोंगर यांतून होणारी त्याची गळती आज रोखली तर आपल्याच हयातीत फरक दिसेल. हे चौकटीत यायला हवे होते.

जाता जाता आणखी एक. चूक अर्ध्या पानावर रंगीत छापायची आणि दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात, भिंग घेऊन वाचावी लागेल अशा अक्षरांत, ही पद्धत कृपया सोडा. कात्रणे कापणारे शिक्षक तो कोपरा कापत नाहीत. दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी, नव्या चित्रासह छापावी अशी विनंती आहे. माझे पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर नातीची हकिकत खुशाल गाळा, पण उत्सर्जनाचे टक्के गाळू नका.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका