ऋतुजाचं गोल्ड

पुणे, २ ऑक्टोबर २०२३

प्रिय अश्वे,

अगं शनिवारपासून तुला लिहायचं लिहायचं चाललंय. विसर्जन मिरवणुकीच्या ढोलांनी कानात बसलेले दडे अजून सुटले नव्हते आणि त्यात ही मॅच! आपल्या ऋतुजा भोसलेनं एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं गं, चीनमध्ये हांगझोला, टेनिसच्या मिक्स्ड डबल्समध्ये, रोहन बोपण्णाबरोबर.

पहिला सेट २-६ गेला तेव्हा पोटात गोळाच आला माझ्या. समोर चायनीज तैपेईची, म्हणजे तैवानची जोडी, आणि आदल्याच दिवशी त्यांच्याच दुसऱ्या जोडीनं आपल्या साकेत मायनेनी-रामकुमारला मेन्स डबल्सच्या फायनलमध्ये ६-४, ६-४ हरवलेलं, म्हटलं आजही सिल्व्हरच. पण दुसरा सेट ६-३ काढला यांनी. आई शेजारी गवार मोडत बसलेली, तिसरा सेट कधी लागणार म्हणून विचारत होती, तिला सांगितलं की आता सेट नाही, जो आधी दहा पॉइंट करेल तो जिंकला, फक्त दोनचा फरक हवा, झालं, तेव्हापासून ती आपले पॉइंट बोटांवर मोजतीये आणि गवार तशीच मांडीवर. १०-४ ने जिंकलो!

बोपण्णाचं तर मला फारच कौतुक वाटतं. ४३ वय, शेवटची एशियन गेम्स, मेन्स डबल्समध्ये युकी भांबरीबरोबर दुसऱ्याच राउंडला उझबेकिस्तानच्या जोडीकडून हरला, तरी मिक्स्डला तितक्याच जिद्दीनं उभा राहिला.

सिंगल्सचं मात्र मनाला लागलंय गं. सुमीत नागल आणि अंकिता रैना, दोघंही क्वार्टर फायनलला गेले, दोघांनीही पहिला सेट घेतलेला, आणि दोघंही तीन सेटमध्ये हरले. ती एक मॅच काढली असती तर ब्राँझ पक्कं होतं, कारण टेनिसमध्ये सेमीला हरलेल्या दोघांनाही ब्राँझ देतात. २०१८ ला इंडोनेशियात पालेमबांगला अंकिता आणि प्रज्ञेशनं असंच मिळवलेलं की! आणि २०१० ला ग्वांगझूत सोमदेवनं सिंगल्सचं चक्क गोल्ड आणलेलं. यंदा आपली दोन्ही मेडल्स डबल्सचीच, आणि हे मला खरंच टोचतंय, डबल्सवर आपण किती वर्षं काढणार सांग.

दिवाळीला येशील तेव्हा फायनल परत लावू, पॉइंट मोजायला आई आहेच.

तुझीच,
मेघा