वही वाळवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न.

परवा कळलं, तुम्ही मुलाकडे पुण्याला कायमचे चाललात. तोंडावर आभार मानले की 'परकं करतेस का गं' म्हणून उडवून लावता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

ऑगस्ट २०१९, नाशिकचा पूर. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, वरून पाऊस. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की माल हलवायचा, हा आमच्या भांडी बाजारातल्या घराचा जुना हिशोब. त्या दिवशी मारुती डोक्यासकट बुडाला आणि हिशोबही. शटर उघडलं तेव्हा पितळी घागरी गाळानं गच्च भरलेल्या.

पहिल्या आठवड्यात खिचडी, चादरी, बिस्किटांचे पुडे, कशाचाच तोटा नव्हता. महिन्याभरानं दुकानात येणारे फक्त तुम्ही उरलात.

भांडी चिंच-मिठानं घासून निघाली. जीव अडकला होता उधारीच्या वहीत. भिजून उशीएवढी फुगलेली. ह्यांनी ती उन्हात ठेवली तर तुम्ही ओरडलात, "उन्हानं कागद वळेल, पंख्याखाली ठेवा!" जन्मभर बाइंडिंग केलेला माणूस, ऐकावंच लागलं. मग पानापानांत टिपकागद, सकाळ-संध्याकाळ बदलायचा. चिकटलेल्या पानांत बांबूची पातळ पट्टी सरकवताना तुम्ही श्वास रोखून धरायचात. बॉलपेनचं जवळजवळ सगळं वाचता आलं, जेलपेनचं निळं पाणी झालेलं. तेव्हापासून दुकानात जेलपेन नाही.

पंचनाम्यात शटर, फर्निचर, माल सगळं लिहून घेतलं. बुडालेली उधारी कोण लिहून घेणार? दिवाळीनंतर तीच वही पिशवीत घालून आम्ही ओझर, पिंपळगाव, सिन्नर फिरलो. एकदोघांनी डागावर बोट ठेवून 'हा आकडा आमचा कशावरून?' विचारलं. (त्यांची नावं मला पाठ आहेत, असो.) बाकीच्यांनी दिले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, लग्नसराई गेली, तेव्हा घर त्या पैशांवर चाललं. दुकान पुन्हा पहिल्यासारखं भरायला तीन वर्षं लागली. तोवर दर गुरुवारी तुमची सायकल दारात असायची.

पुराच्या खुणेवर तुम्ही ऑइलपेंटनं मारलेली लाल रेघ तशीच आहे, वहीची खुंटी तिच्या वीतभर वर. जुनी वही उघडली की पानं पापडासारखी वाजतात.

जायच्या आधी एकदा दुकानावर या. नव्या वहीला पुठ्ठा घालायचाय, आणि तो मी दुसऱ्या कुणाला घालू देणार नाही.

तुमची,
भांडी बाजारातली पोरगी