लिनक्सवाल्यांना मराठी टाइप करणाऱ्यांच्या सूचना पण जाऊ देत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आपल्या कोल्हापुरात जो तो विचारतोय की मशीन तर चांगलं चालतंय, पण विंडोज ११ बसत नाही, आता काय करायचं. त्याला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसर पण बऱ्यापैकी नवा लागतो, म्हणजे जुनी मशिनं बाद. माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, हँडबिलं असलं सगळं, आणि मी मशिनं लिनक्सवर नेलीत, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमवर. तिचा एक प्रकार लिनक्स मिंट, त्याला कमीत कमी २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते, ४ जीबी असेल तर आरामात चालतं, पेनड्राइव्हवरनं चालू करून आधी बघता येतं, पटलं तर बसवायचं, आणि पैसे लागत नाहीत. हे सगळं आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, मला त्याच्या पुढचं सांगायचंय.

आपल्याकडं काय होतं, एखादी गोष्ट अडली की माणूस म्हणतो जाऊ दे, फुकटच तर आहे, त्यात आणि काय सूचना करायच्या, आणि कुठनं तरी विंडोजची चोरीची कॉपी आणून टाकतो. हे मला अजिबात पटत नाही. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ ला हेलसिंकीत शिकत असताना लिनक्स सुरू केलं तेव्हाच त्यानं लोकांना उघड विचारलं होतं की तुम्हाला यात काय काय पाहिजे ते सांगा. उबुंटू हा लिनक्सचाच दुसरा प्रकार, त्याच्या लोकांनी २००९ मध्ये तर रोजच्या वापरात खुपणाऱ्या १०० बारीकसारीक गोष्टी हुडकून दुरुस्त करायचं कामच काढलं होतं. म्हणजे तिकडं ऐकणारी माणसं आहेत, आपल्याकडनं सांगणारं कोण जात नाही.

आता टायपिंगचंच बघा. इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली तरी कीबोर्ड हुडकायला भारताच्या यादीत शिरावं लागतं, तिथं खाली कुठंतरी कगप नावाचा फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणं इंग्रजी अक्षरांवर टाइप करायचा कीबोर्ड, सापडतो, आणि गमभन नाहीतर मिंग्लिश असल्या दुसऱ्या फोनेटिक पद्धती पाहिजे असतील तर आयबस, एम१७एन अशी पॅकेजं वेगळी टाकायची, मग लॉगआउट करून परत आत यायचं. ज्याला माहीत आहे त्याला हे किरकोळ वाटतं, पण आमच्या धंद्यात कामाला येणाऱ्या मुली टायपिंगची सरकारी परीक्षा, मराठी ३० नाहीतर ४०, पास होऊन आलेल्या असतात, त्यांच्या बोटांत टाइपरायटरचा कीबोर्ड पक्का बसलेला असतो, त्यांनी सगळं विसरून नव्यानं इन्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारनं ठरवलेला भारतीय भाषांचा कीबोर्ड, का शिकायचा? माझी सूचना अशी की भाषा मराठी निवडली की लगेच एक पान यावं, त्यावर इन्स्क्रिप्ट, फोनेटिक आणि टाइपरायटर अशी तीन कीबोर्डांची चित्रं असावीत आणि खाली एक रिकामी चौकट, तिथं 'दऱ्याखोऱ्या', 'ज्ञानेश्वर', 'ॲडव्होकेट' असं टाइप करून बघायचं, जमलं की पुढं जायचं. आणि पासवर्ड टाकायच्या ठिकाणी कुठला कीबोर्ड चालू आहे ते ठळक दिसलं पाहिजे. पासवर्डचे नुसते ठिपके उमटतात, मराठी चाललंय का इंग्रजी ते कळत नाही, तीनदा चुकलं की माणूस समजतो मशीनच बिघडलं.

दुसरी गोष्ट अक्षराची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागते. आपला मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा आहे. नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये ते वळण आहे, पण मजकुराची भाषा मराठी लावलेली असेल तरच ते दिसतं, आणि लिब्रेऑफिस या लिनक्सवरच्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांसाठी बऱ्याचदा आधीच हिंदी लावून ठेवलेलं असतं. टूल्स, मग ऑप्शन्स, मग लँग्वेजेस असं आत जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या समोर मराठी निवडायचं, पुढं टाइप केलेलं मराठी वळणात येतं, आणि जुना मजकूर असेल तर तो सिलेक्ट करून त्याला मराठी लावलं की 'चि. सौ. कां. शीतल' मधला शी आणि ल डोळ्यादेखत बदलतो. पत्रिका हातात घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कारण सांगता येत नाही पण अक्षर परकं आहे हे बरोबर कळतं. सिस्टीमची भाषा मराठी असेल तर लिब्रेऑफिसनं इथं आपोआप मराठीच लावावं, एवढी साधी मागणी आहे, ती लिब्रेऑफिसवाल्यांनाच कळवायला पाहिजे. युनिकोड, म्हणजे सगळीकडं सारखं चालणारं अक्षरांचं कोडिंग, यायच्या आधीच्या फॉन्टांतलं मॅटर पण आमच्याकडं ढिगानं पडलंय, संस्थांचे जुने अहवाल उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, ते बदलून द्यायची सोय लिहायच्या प्रोग्रॅममध्येच मिळाली तर कितीतरी प्रेसवाले उद्या लिनक्सवर येतील.

मग लाइट. पावसाळ्यात आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही, आणि सगळ्यांकडं यूपीएस नसतो. अपडेट चालू असताना लाइट गेली तर पुढच्या वेळी एक इंग्रजी ओळ येते की मागचं काम अर्धवट राहिलंय, अमुक कमांड स्वतः टाइप करा. ती कमांड त्या ओळीतच लिहिलेली असते आणि ती टाकली की बहुतेक वेळा सगळं नीट होतं. म्हणजे काय करायचं ते मशीनला ठाऊक आहे, मग माणसाला टाइप करायला कशाला लावायचं, तिथं 'दुरुस्त करा' असं एक बटण द्या की! तसंच गगनबावडा, शाहूवाडी भागात जिथं नेटला रेंज मिळत नाही तिथल्या शाळांसाठी एका मशीनवर उतरवलेले अपडेट पेनड्राइव्हनं दुसऱ्यावर टाकायची सोय मेनूतनं पाहिजे. आज ते होतं, पण कमांड येणाऱ्यालाच. केरळनं शाळांसाठी उबुंटूवरनं स्वतःचं लिनक्स करून घेतलंय, आपल्या सरकारनं पण मनावर घ्यायला हरकत नाही.

सूचना पाठवायची कशी, तर उबुंटूची लाँचपॅड आणि मिंटची गिटहब या वेबसाइटवर, आणि डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराला साधा ईमेल पण चालतो. 'मराठी चालत नाही' एवढंच लिहून कोण काय करणार? कुठली आवृत्ती, काय दाबलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि झालं काय, एवढं लिहायचं, स्क्रीनचा फोटो जोडायचा, आणि एका वेळी एकच तक्रार. इंग्रजीचं अडत असेल तर शिवाजी विद्यापीठात, इंजिनिअरिंग कॉलेजांत कॉम्प्युटर शिकणारी एवढी पोरं आहेत, त्यांनी गावातल्या डीटीपीवाल्याकडं, ग्रामपंचायतीत, शाळेत बसून अडचणी लिहून घ्याव्यात आणि इंग्रजीत करून पाठवाव्यात, चांगला प्रोजेक्ट होईल. फक्त वेळेचं भान ठेवा, उबुंटूची जास्त काळ चालणारी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि त्यात नवीन काही घेणं फेब्रुवारीतच थांबतं, त्यामुळं सूचना आदल्या दिवाळीच्या आत पोचलेली बरी.

आपला,
एक डीटीपी चालक, कोल्हापूर